दूरच्या वाटेची शिदोरी

देशाटनावाचून माणसाचे शिक्षण पुरे होत नाही, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून मानीत आले आहेत. परंतु ज्यास देशाटनास धाडावयाचे त्याची तयारी कशी करावी, आणि ती वडील माणसांनी किती व त्याने स्वतः किती करावी, ह्याचा विचार आपल्या वाङ्मयात स्वतंत्रपणे झालेला आढळत नाही. अलीकडे हा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांपुढे नव्याने उभा राहिला आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर येथील घरांतून बारावीची परीक्षा दिलेला मुलगा किंवा मुलगी आईबापांस म्हणते, की पुढील प्रवेश एक वर्ष लांबणीवर टाकू. ते वर्ष पाठीवर पिशवी घेऊन लडाख, स्पिती, अरुणाचल अशा दूरच्या प्रदेशांत हिंडण्यात घालवू द्या. ह्या मधल्या वर्षास 'गॅप इयर' हे इंग्रजी नाव आपल्याकडेही रूढ झाले आहे. आईबाप प्रथम नाही म्हणतात, काही दिवसांनी अर्धवट हो म्हणतात, आणि हो म्हटल्याबरोबर याद्या करू लागतात: बूट कोणते, झोपण्याची पिशवी किती उबेची, औषधे कोणती, पैसे कोणत्या खात्यात. याद्या अवश्य कराव्यात. पण तयारी म्हणजे एवढेच काय, असा आमचा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी आम्ही दुकानाकडे न जाता मराठी ग्रंथांच्या कपाटाकडे वळत आहोत.

हे कपाट ह्या बाबतीत म्हणावे तितके समृद्ध नाही. मराठीत प्रवासवर्णने विपुल आहेत, परंतु ती बहुधा प्रौढ माणसांनी लिहिलेली. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा लेखक चाळिशीला पोचलेले होते आणि प्रवासात पत्नी बरोबर होती. घरची चव जिभेवर ठेवून परका मुलूख पाहणारा रसिक मनुष्य तीत भेटतो, आणि वाचक त्याच्या संगतीत रमून जातो. पण अठराव्या वर्षी एकट्याने उंबरठा ओलांडणाऱ्यास विचारावेसे वाटेल असे तीत थोडेच आहे, व तसे असावे अशी अपेक्षाही करणे योग्य नव्हे. आम्हांस हवे होते ते निराळे: निघण्यापूर्वी काय घडले, घरच्यांशी काय बोलणे झाले, संकटात काय उपयोगी पडले आणि काय पडले नाही, हे ज्यांत सापडेल असे ग्रंथ. त्या दृष्टीने तीन ग्रंथ आम्हांस विशेष वाटले. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास', धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' आणि काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र, हे ते ग्रंथ होत.

गोडसे भटजी तर नवी मुंबईकरांचे शेजारीच. पनवेल सोडून दक्षिणेस गेले म्हणजे पेण तालुका लागतो. त्यातील वरसई हे त्यांचे गाव. १८५७ साली ते घराबाहेर पडले तेव्हा तिशीच्या आतबाहेर होते. घरावर कर्ज होते; ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत व तेथे विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली; आणि चुलत्यांच्या सोबतीने हा तरुण भिक्षुक उत्तरेकडे निघाला. महूच्या आसपास येतात न येतात तोच बंडाची बातमी कानी पडली. पुढे झाशीस वेढा पडला त्या वेळी, म्हणजे १८५८ च्या मार्च-एप्रिलात, ते शहरातच होते. इंग्रजी फौज आत शिरल्यावर तेथे जी कत्तल व लूट झाली तिचे त्यांनी केलेले वर्णन मराठी गद्यात अद्वितीय आहे.

परंतु आज ह्या ग्रंथाकडे आम्ही इतिहासाचे साधन म्हणून पाहत नाही. आमचे लक्ष निघण्याच्या प्रकरणाकडे आहे. मुलाने जावे की न जावे ह्याबद्दल घरात झालेला खल गोडसे भटजींनी लपविलेला नाही. दूरचा देश, तेथील भांग, तेथील मोह, ह्यांची भीती त्या घरासही होतीच. आणि चुलते बरोबर आहेत, ते नजर ठेवतील, ह्या भरवशावर अनुज्ञा मिळाली. दीडशेहून अधिक वर्षे उलटली, तरी बेलापूरच्या घरातील संभाषण फार निराळे असेल असे वाटत नाही. दुसरी गोष्ट अशी की, भटजींना वाटेत एकाहून अधिक वेळा लुटले. कमावलेली दक्षिणा गेली, अंगावरचे गेले. पण पाठ केलेली विद्या कोणास लुटता आली नाही. नव्या गावी गेले की तिच्या बळावर चार दिवस निभत, आणि पुन्हा उभे राहता येई. अखेर ते घरी परतले ते द्रव्य घेऊन नव्हे, तर गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आईबापांस स्नान घातले. कर्ज फेडण्याच्या दृष्टीने हा प्रवास जवळजवळ फसला. तथापि घरच्यांसाठी काय आणावयाचे हे त्यांनी मनाशी ठरविले होते, म्हणून तो वाया गेला असे वाचकास कोठेही वाटत नाही.

ग्रंथाच्या प्रतींविषयी एक सूचना येथेच करून ठेवतो. भटजींनी हा वृत्तांत चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून पुष्कळ वर्षांनी लिहिला व वैद्यांनी तो १९०७ साली छापला. पण छापताना मूळ मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली निघाली. तरुणाच्या हाती पुस्तक द्यावयाचे तर ही दुसरी प्रत द्यावी. वैद्यांची प्रत नीटनेटकी आहे, पण भटजींचा स्वतःचा आवाज पोतदारांच्या प्रतीत अधिक ऐकू येतो. आणि प्रवासाच्या पुस्तकात आवाज गेला म्हणजे मागे केवळ गावांची नावे उरतात.

कोसंबींच्या 'निवेदना'ची गोष्ट वेगळी. गोव्यातील सांखवाळ गावचा हा तरुण १८७६ साली जन्मला. 'बालबोधमेवा' ह्या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र त्याच्या वाचनात आले, आणि त्या लहानशा लेखाने त्याच्या मनात जो ध्यास निर्माण केला तो पुढे कधी शमला नाही. १८९९ च्या अखेरीस पत्नीस व तान्ह्या मुलीस मागे ठेवून तो पुण्यास गेला. तेथून ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया आणि सिंहलद्वीप असा त्याचा मार्ग झाला. काशीस अन्नछत्रात जेवून त्याने संस्कृताचा अभ्यास केला. हातात पैसा नाही, प्रकृती भक्कम नाही, पुढच्या गावी ओळख नाही, अशा स्थितीत केवळ हेतूच्या बळावर मनुष्य किती दूर जाऊ शकतो ह्याचे याहून ठळक उदाहरण मराठीत नाही. आणि जे मिळविले ते त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही. पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली भाषेचे अध्यापन करून त्यांनी महाराष्ट्रास एका विसरलेल्या विद्येची ओळख करून दिली.

असे असूनही हा ग्रंथ घरोघरच्या अठरा वर्षांच्या मुलापुढे कित्ता म्हणून ठेवण्यास आमचे मन घेत नाही. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या आत्मवृत्तात लेखकाने आपल्या हेतूचा इतिहास जितक्या विस्ताराने दिला आहे, तितक्या विस्ताराने मागे राहिलेल्यांचा दिलेला नाही. पत्नीने ती वर्षे कशी काढली, हे वाचकास बरेचसे तर्काने जाणावे लागते. कोसंबींचा प्रांजळपणा मोठा आहे, आणि त्यांनी स्वतःस कोठे थोर म्हणून मिरविलेले नाही, हे आम्ही मान्य करतो. तरी पण ध्येयाच्या तेजात घराचा चेहरा दिसेनासा झाला आहे, हेही खरे. गो. नी. दांडेकरांच्या 'स्मरणगाथे'तही असेच एक पोर, कोसंबींपेक्षाही पुष्कळ लहान वयात, घर सोडून बाहेर पडते. ती वाचताना आपण त्या पोराबरोबर चालतो. मागे आईचे काय झाले असेल हा विचार पुस्तक मिटल्यावर येतो. साहित्याच्या दृष्टीने हा दोष नसेल. पण जे पुस्तक आपण शिदोरी म्हणून द्यावयाचे, त्यात मागच्या घराची आठवण असावी, एवढे मागणे अवाजवी नाही.

आता तिसऱ्या ग्रंथाकडे. आनंदीबाईंचे माहेर कल्याणचे. म्हणजे ह्याही शेजारच्याच. ३१ मार्च १८६५ हा त्यांचा जन्मदिवस, आणि ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या. म्हणजे अठरा वर्षे पुरी होऊन एक आठवडा लोटला होता. आज जी मुलगी बारावीचा निकाल हाती घेऊन एका वर्षाची रजा मागते, तिच्याच वयाची ही मुलगी होती. तिच्या तयारीचा वृत्तांत काशीबाई कानिटकरांनी मुख्यतः पत्रांच्या आधारे दिला आहे. त्यांचा हा ग्रंथ १८८९ साली निघाला, म्हणजे एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे मराठीत लिहिलेले हे आरंभीच्या चरित्रांपैकी एक होय.

निघण्यापूर्वी सहा आठवडे, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी जाहीर व्याख्यान दिले. लोक जे प्रश्न त्यांस वारंवार विचारीत ते त्यांनी एकत्र करून सहा केले व एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेस का जाता? हे शिक्षण येथे मिळण्यासारखे नाही काय? एकट्याच का जाता? परत आल्यावर जातीबाहेर पडणार नाही काय? तेथे काही संकट आले तर काय कराल? आणि जे कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे? आमच्या मते दूरच्या प्रवासाच्या तयारीविषयी मराठी माणसाने जे काही लिहिले-बोलले आहे, त्यात ह्या सहा प्रश्नांइतके मोलाचे दुसरे काही नाही. व्याख्यान इंग्रजीत झाले. पण ते प्रश्न आपल्या ओटीवरचे, आपल्या आत्यांचे व काकांचे आहेत.

उत्तरेही पाहण्यासारखी आहेत. पहिल्यास त्या सरळ प्रयोजन सांगतात: ह्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्यापुढे जाण्यास संकोचतात, म्हणून स्त्री वैद्य हव्यात. दुसऱ्यास त्या येथील सोयी मोजून दाखवितात, आणि शिकू पाहणाऱ्या हिंदू स्त्रीस रस्त्याने जाताना काय सोसावे लागते तेही सांगतात. तिसऱ्यास संसाराचा हिशेब पुढे ठेवतात: पैसा पुरेसा नाही, आणि पतीवर वृद्ध आईबाप व धाकटी भावंडे ह्यांचा भार आहे. चौथ्यास निर्धाराने म्हणतात, की येथे जशी राहते तशीच तेथे राहीन. घाईने दिलेले किंवा कोणाची मर्जी राखण्यासाठी दिलेले असे ह्यांत एकही उत्तर नाही.

पाचव्या प्रश्नाशी मात्र आम्ही थबकतो. संकट आले तर काय, ह्या प्रश्नाच्या उत्तराचा भर धैर्यावर आहे. तजवीज त्यात थोडी. आणि चौथ्या उत्तरात दिलेला शब्द, म्हणजे अन्न, वस्त्र व आचार न बदलण्याचा, त्यांनी फिलाडेल्फियाच्या थंडीत अक्षरशः पाळला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, परंतु शरीर खंगत गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील मिळालेली जागा हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिना उरला होता. क्षयाचे कारण एकच एक सांगता येत नाही, आणि आनंदीबाईंच्या शब्दपालनाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. पण समाजास दिलेला शब्द आणि देहाची गरज ह्यांत झगडा पडला तर काय करावे, ह्याचा विचार निघण्यापूर्वी कोणी केला नव्हता. तो करणे हे त्या अठरा वर्षांच्या मुलीचे काम नव्हते. ते वडील माणसांचे होते.

वडील माणसांचा प्रश्न काशीबाईंच्या ग्रंथात आणखी एका अंगाने येतो. गोपाळरावांनी पत्नीस शिकविले, पण शिकविताना जाचही केला; मारहाण केली. आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांस लिहिलेल्या पत्रांत त्याचा उल्लेख येतो, आणि काशीबाईंनी तो दडपला नाही. चरित्रलेखिका म्हणून हा त्यांचा मोठा गुण. हे प्रकरण वाचताना मनात येते, की ह्या प्रवासाची इच्छा मुळात कोणाची होती? आरंभी ती गोपाळरावांची होती, हे स्पष्ट आहे. पण श्रीरामपूरच्या व्याख्यानापर्यंत ती आनंदीबाईंची स्वतःची झाली होती, हेही तितकेच स्पष्ट आहे. आजच्या घरांत असा जाच नसेल. परंतु मुलाच्या भटकंतीने पुढे परदेशी विद्यापीठाच्या अर्जास वजन येईल, अशा हिशेबाने ज्या घरी ह्या वर्षाची आखणी आईबापच करतात, त्या घरी निघणारा मुलगा आणि ज्याचा प्रवास आहे तो मनुष्य, हे दोन निराळे असतात.

आनंदीबाईंच्या तयारीतील उत्तम भाग कोणता म्हणाल, तर पलीकडे असलेले ओळखीचे घर. रोझेलच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० पासून होता. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. तीन वर्षांच्या पत्रांनी हे नाते जोडले, म्हणून ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरलेली मुलगी निराधार नव्हती. आणि ह्याच पत्रांमुळे आज आपणांस हा ग्रंथ लाभला आहे. आजच्या प्रवाशाच्या खिशातील यंत्र तो ह्या घटकेस नकाशावर कोठे आहे ते घरी दाखविते. आईस त्याने धीर येतो, आणि तो येऊ द्यावा. पण मुलगा तेथे काय शिकला, कोणापुढे लाजला, कोणाच्या घरी जेवला, हे त्या नकाशावर उमटत नाही. आठवड्यास एक लांबलचक पत्र, कागदावर असो वा यंत्रावर, हा तयारीचा भाग मानावा.

ह्या तिन्ही ग्रंथांतील माणसे गरजेने किंवा ध्यासाने निघाली. आमचा मुलगा केवळ सवड आहे म्हणून निघतो, असा आक्षेप कोणी घेईल. तो नवी मुंबईत विशेष बोचणारा आहे. १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर खाडीपलीकडे हे शहर वसत गेले, आणि त्याच्या सेक्टरांतून राहावयास आलेल्या कित्येक घरांतील वडील स्वतः अठराव्या-विसाव्या वर्षी कोकणातून, साताऱ्यातून, खानदेशातून एक वळकटी घेऊन पोटासाठी निघालेले आहेत. त्यांस मुलाची ही हौस चैनीची वाटली तर नवल नाही. पण गरज हेच प्रवासाचे एकमेव समर्थन असेल तर आपल्या वाऱ्या व तीर्थयात्रा कशात बसवावयाच्या? सवड मिळणे हा अपराध नव्हे. मात्र गरज जे प्रश्न आपोआप सोडवून टाकते, ते सवडीने निघणाऱ्यास स्वतः सोडवावे लागतात. म्हणून त्याची तयारी अधिक कसोशीची हवी.

ती तयारी श्रीरामपूरच्या सहा प्रश्नांनीच करावी, असे आम्ही सुचवितो. का जातोस, ह्यास 'सगळे जातात' हे उत्तर नव्हे. येथे मिळण्यासारखे नाही काय, असे विचारल्यावर कर्नाळा, प्रबळगड, माथेरान ज्याने पायी पाहिले नाहीत त्याने प्रथम ते पाहावेत. चार रात्री घराबाहेर राहून स्वतःचे कपडे धुता येतात की नाही, वरणभात शिजविता येतो की नाही, पैशांचा हिशेब जुळतो की नाही, ह्याची परीक्षा तेथेच होते. गोडसे भटजींप्रमाणे लुटले गेल्यावरही उरेल असे काही हाती आहे का, तेही तेव्हा कळेल. एकटा का, हा प्रश्न मुलीसच नव्हे, मुलासही विचारावा. जातीबाहेर पडण्याची आजची भीती म्हणजे बरोबरीच्यांच्या मागे पडण्याची. तिचा कागदोपत्री भाग सोपा आहे: पुढील प्रवेशाच्या वेळी मधल्या वर्षाचा खुलासा प्रतिज्ञापत्राने करावा लागतो, आणि त्यासच 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. मनाचा भाग अवघड आहे, आणि त्यास घरच्यांचा आधार लागतो.

पाचवा प्रश्न वडील माणसांनी स्वतःकडे घ्यावा. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने तेथे एकदम उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहावे, डोके दुखू लागले व श्वास लागला तर वर न जाता खाली यावे. आपल्याकडून नेलेले प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड लागते. अरुणाचलात शिरण्यास 'इनर लाइन परमिट' आधी काढावे लागते. आणि प्रत्येक मुक्कामाच्या प्रदेशात निदान एक ओळखीचे घर, एक मावशी, आधी पत्राने जोडून ठेवावी. मुलास हेही निःसंदिग्धपणे सांगावे, की अर्ध्या वाटेवरून परत येण्यास घराचे दार उघडे आहे, आणि तसे आल्यास कोणी हसणार नाही; प्रकृतीपुढे दिलेला कोणताही शब्द मोडण्याची त्यास मुभा आहे. आनंदीबाईंस ही मुभा कोणी दिली नव्हती.

सहाव्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे. त्यात आमचा अधिकार नाही. आमची मागणी इतकीच, की बूट आणण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे, मुलाने सहाही प्रश्नांची उत्तरे उभे राहून द्यावीत, आणि इतरांनी ती मध्ये न बोलता ऐकावीत. मग पिशवीत 'माझा प्रवास' टाकावा, आणि काशीबाईंचे चरित्र मात्र घरीच ठेवावे. कारण मुलगा गेल्यावर ते मागे राहणाऱ्यांनी वाचावयाचे आहे.